आनंदात आधी कोण रडतं?

घरात आनंदाची बातमी आली की आधी कोणाचे डोळे भरून येतात, ते एकदा पाहावं. पोलीस भरतीच्या निवड यादीत मुलाचं नाव आलेलं असतं. मुलगा उड्या मारत असतो. धाकटी बहीण मावशीला फोन लावत असते. शेजारच्या काकू पेढे कुठले चांगले, ते सांगत असतात. आणि आई ओट्याकडे तोंड करून उभी असते. पातेल्यावरचं झाकण उगाच काढते, पुन्हा ठेवते. पदराचं टोक डोळ्यांना लावते. कोणी विचारलंच तर म्हणते, "काही नाही गं, डोळ्यात काहीतरी गेलं."

ज्याचं यश असतं, तो बहुतेक वेळा हसतो, नाचतो. डोळे भरतात ते त्याची काळजी वाहणाऱ्याचे. पहाटे चारला त्याच्याबरोबर उठून पाण्याची बाटली भरून देणारी तीच. मैदानी चाचणीच्या दिवशी, आता त्याची सोळाशे मीटरची धाव सुरू झाली असेल, असं मनाशी म्हणत देवापुढे बसलेलीही तीच. मागच्या भरतीत दोन गुणांनी नाव हुकलं, तेव्हा "होईल रे पुढच्या वेळी" म्हणत तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं होतं. त्या दिवशी ती रडली नव्हती. रडून चालणार नव्हतं. एक जण खचलेला असताना दुसऱ्यानं खचायचं नसतं, हे तिला कोणाला शिकवावं लागलं नाही. आलेलं रडू तिनं गिळलं आणि भाकरी थापायला घेतली. ते रडू कुठे गेलं नव्हतं. ते आज बाहेर आलं.

आनंदात माणूस का रडतो, याचं मला मनापासून पटलेलं उत्तर हेच आहे. जे अश्रू दुःखाच्या वेळी ढाळायला सवड नव्हती, तेच बरेचदा सुखाच्या वेळी येतात. दुःखात हात गुंतलेले असतात. दवाखान्याच्या खेपा असतात, फीची तारीख असते, घरातल्या लहानांसमोर चेहरा हसरा ठेवायचा असतो. मन म्हणतं, आत्ता नको, नंतर. हे 'नंतर' कधी येईल, ते माहीत नसतं. मग एक दिवस सगळं सुरळीत होतं, आणि मनाला वाटतं, आता हरकत नाही.

अमेरिकेतले मनोविश्लेषक जोसेफ वाइस यांनी १९५२ मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला होता. चित्रपटाचा शेवट गोड होतो, दुरावलेली माणसं पुन्हा भेटतात, आणि नेमके तेव्हाच प्रेक्षक का रडतात, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. ताटातूट चालू असते तेव्हा आपण मन घट्ट करून बसलेलो असतो. पुढे काय होणार, या धास्तीत ते दुःख आपण पुरतं जाणवूही देत नाही. भेट झाली, आता भीती नाही, अशी खात्री पटली की मगाचं रडू आता येतं. पुढे १९७९ मध्ये एफ्रन आणि स्पँगलर या दोन मानसशास्त्रज्ञांनीही याच वाटेचा विचार मांडला. ताण चढत असताना डोळे कोरडे राहतात. ताण उतरायला लागला की भरतात. आपल्या घरातल्या आजीला हे दोन्ही लेख माहीत नसतात. पण कोणी असं रडायला लागलं की ती म्हणते, "रडू दे तिला, मोकळी होऊ दे." तिला नेमकं कळलेलं असतं.

रानातून गवताचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला विचारा. वाटेनं चालताना तिला मान दुखल्याचं जाणवत नाही. तोल सांभाळायचा असतो, पायाखालचा दगड बघायचा असतो, दिवस मावळायच्या आत घर गाठायचं असतं. भारा गोठ्याच्या दारात टाकला की मग मानेत कळ येते आणि ती मटकन खाली बसते. ओझं उतरल्यावरच त्याचं वजन कळतं. आनंदाच्या अश्रूंचंही तसंच आहे. ते आले, म्हणजे कुठलंतरी ओझं आत्ताच उतरलं, असं समजावं.

शरीराची रीतही याला धरूनच आहे. डोळ्याच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या कोपऱ्याकडे, बदामाच्या आकाराची एक ग्रंथी असते. अश्रू तिथून येतात. या ग्रंथीला चालना देणारे मज्जातंतू शरीराला विसावा देणाऱ्या यंत्रणेतले आहेत. हृदयाचे ठोके हळू करणारी, जेवणानंतर पचन चालवणारी तीच यंत्रणा. धावपळीत आणि संकटात शरीर दुसऱ्याच यंत्रणेच्या ताब्यात असतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. धोका टळला, अंग सैल पडलं, की डोळ्यांची पाळी येते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला, एकेक बारीक छिद्र असतं. जास्तीचं पाणी त्यातून नाकात उतरतं. म्हणून रडताना नाक वाहतं. ओट्याकडे तोंड करून उभी राहिलेली आई कितीही लपवायला गेली, तरी नाक ओढल्याचा आवाज येतो आणि घरभर कळतं.

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र आठवून पाहा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. जिंकल्यावर त्या मुलींनी चषक नेऊन आपल्या आधीच्या खेळाडूंच्या हाती दिला. त्यात मिताली राज होती, झुलन गोस्वामी होती. झुलनला रडू आवरेना. त्या दिवशी तिनं एक चेंडूही टाकला नव्हता. पण २००५ साली अंतिम सामना हरलेल्या संघात ती होती. २०१७ साली लॉर्ड्सवर अवघ्या ९ धावांनी चषक हुकला, तेव्हाही ती होती. त्या सामन्यात तीन बळी घेऊनही तिच्या हाती काही लागलं नव्हतं. २०२२ मध्ये ती निवृत्त झाली, ती विश्वचषकाला हात न लावताच. मैदानावर नाचणाऱ्या मुलींना त्या रात्री विजय मिळाला. झुलनला तिच्या वीस वर्षांच्या खेळाचं उत्तर मिळालं. तिचे डोळे कोरडे कसे राहतील?

त्याच मैदानावर तीनच दिवस आधी मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या होत्या. ३३९ धावांचं डोंगराएवढं आव्हान तिनं पार करून दिलं आणि मग सगळ्यांसमोर ती रडली. या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडत होते, हेही तिनं मोकळेपणानं सांगितलं. याच स्पर्धेत एका सामन्याला तिला संघाबाहेर बसावं लागलं होतं. आधीचं ते रडणं एकटीचं होतं, खोलीतलं होतं. जिंकल्यावरचं रडणं सगळ्यांच्या साक्षीनं होतं. माणूस दुःख दार लावून भोगतो. आनंद आला की दार उघडतं, आणि आतलं सगळंच बाहेर येतं.

पंढरीच्या वाटेवर हे दरवर्षी दिसतं. आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. पायाला फोड येतात, पाऊस झोडपतो, रात्री तंबूत अंग टेकायला जेमतेम जागा मिळते. तो कुठे कुरकुरत नाही. उलट पावली खेळतो, फुगडी घालतो. पंढरपुरात पोचल्यावर दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहतो. शेवटी विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकतं ते अगदी क्षणभर, कारण मागून "चला माउली, पुढं चला" सुरूच असतं. त्या क्षणात काय मागायचं होतं, तेही आठवत नाही. बाहेर येऊन एखादी म्हातारी वारकरी सभामंडपाच्या खांबाला टेकते आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागतात. चालताना सोबत आणलेलं सगळंच त्यात असतं. सुनेचं आजारपण, गावाकडे न आलेला पाऊस, गेल्या वारीला बरोबर असलेली आणि यंदा नसलेली मैत्रीण. हे सगळं तिनं कोणाजवळ बोलून दाखवलेलं नसतं. ते ठेवायची जागा मिळाली, म्हणून ती रडते. मग डोळे पुसते, तुळशीची माळ नीट करते आणि चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद घ्यायला बाजाराकडे वळते. चेहरा धुऊन निघाल्यासारखा झालेला असतो.

बाळंतपणाच्या खोलीबाहेरचं दृश्यही असंच. आत काय चाललंय ते कळत नसतं. नवरा बाकावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. दोन्हीकडच्या आज्यांचे ओठ हलत असतात. सगळ्यांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात, बाळाच्या रडण्याकडे. जगात एवढी एकच जागा असेल, जिथे रडणं ऐकू यावं म्हणून सगळी माणसं जीव मुठीत धरून बसतात. बाळ रडतं. त्या रडण्यात अश्रू नसतात, कारण पहिले काही आठवडे तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून सहसा पाणी येत नाही. पण बाहेर बसलेल्यांच्या डोळ्यांतून येतं. तोवर अवाक्षर न बोललेला मुलीचा बाप खिडकीकडे तोंड करून उभा राहतो आणि रुमाल काढतो.

आनंद आणि रडणं यांचं हे नातं आपल्याकडे फार जुन्या काळापासून ओळखीचं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अंगावर काटा येणं, घाम फुटणं, आवाज बदलणं यांच्या पंगतीत अश्रूही आहेत. अश्रू कशाकशानं येतात, हे सांगताना त्यात राग, भीती आणि शोक तर येतातच, डोळ्यांत जाणारा धूर आणि काजळही येतं, आणि आनंदही येतो. आनंदाश्रू तिथे कोडं म्हणून येत नाहीत. माणसाचं मन हलतं तेव्हा शरीर साथ देतं, एवढं साधं ते आहे.

अलीकडे येल विद्यापीठात ओरियाना आरागॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंद फार झाला की माणूस त्याच्या उलट वागतो, असं त्यांना दिसलं. गोड बाळ पाहिलं की आपण त्याचा गालगुच्चा घेतो आणि दात-ओठ आवळून "खाऊ का तुला?" म्हणतो. सुखाच्या प्रसंगी डोळे भरून येतात, ते याच जातीचं. आणि अशा भरात उलटं वागणारी माणसं त्या भरातून लवकर सावरतात, असं त्यांच्या पाहणीत आढळलं. म्हणजे रडू हे मनाचा तोल गेल्याचं लक्षण मानायचं कारण नाही. मन आपला तोल सांभाळत असतं, ते असं.

आनंदाच्या अश्रूंत आणखी कोणाचातरी वाटा असतो, तो म्हणजे आज घरात नसलेल्या माणसाचा. नव्या घराची वास्तुशांत होते. पाहुणे जेवून उठतात. आणि हात धुता धुता काकांना एकदम आठवतं, दादा असता तर त्यानं आधी खिडक्यांची दारं उघडून वारा कुठून येतो ते पाहिलं असतं. लेकीला पदवी मिळते आणि आईला स्वतःची आजी आठवते. शाळेत जायचा हट्ट धरणाऱ्या नातीच्या बाजूनं सगळ्या घरात तीच एकटी उभी राहिली होती. गेलेली माणसं दुःखाच्या दिवशी आठवतात, तशीच सुखाच्या दिवशीही आठवतात, किंबहुना जास्तच. ज्याच्याबरोबर काळजी वाटून घेतली, त्याच्याबरोबर सुखही वाटून घ्यावंसं वाटतं, आणि तो नसतो. अशा वेळी कोणी "आज कशाला रडतेस, आनंदाचा दिवस आहे" असं म्हटलं तर ते मायेपोटीच असतं. तरी त्याऐवजी गेलेल्या माणसाचं नाव काढावं. "आज त्या असायला हव्या होत्या" एवढं म्हणावं. रडणारा चेहरा लगेच हलका होतो.

घरातल्या पुरुषांचं मात्र पाहिलं पाहिजे. त्यांना रडायला जागा थोडी मिळते. एका शेतकऱ्याची कल्पना करा. सोसायटीचं कर्ज त्यानं वर्षानुवर्षं थोडं थोडं करून फेडलं. एक दिवस तलाठ्याकडून नवा सातबारा हाती येतो. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा नोंदवलेला असायचा, तो आता तिथे नाही. तो माणूस कागद दोनदा वाचतो. घडी घालतो, उजेडाकडे धरतो, पुन्हा उघडतो. मग कोपरीच्या खिशात ठेवून बांधावर जाऊन बसतो. घरी आल्यावर म्हणतो, "झालं ते काम." बायको एवढ्यावरून ओळखते. त्याचे डोळे लाल का झाले, हे ती विचारत नाही. गुळाचा चहा ठेवते. असं न विचारता समजून घेणं हीसुद्धा मोठी सोबत आहे. पण मुलांसमोर बापाला रडू आलं, तर तेही येऊ द्यावं. बाप रडला म्हणून मुलं घाबरत नाहीत. सोबत थोडा आनंद दिसला, तर त्यांना उमगतं की या घरानं काहीतरी मिळवलं आहे आणि ते सहज मिळालेलं नाही.

सगळ्यांनाच रडू येतं असं नाही. काही माणसं आनंदात गप्प होतात. काही एकदम कामाला लागतात, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडतात, चहाचं आधण ठेवतात. त्यांचं प्रेम तसूभरही कमी नसतं. डोळे भरले तरच माया खरी, असा नियम करू नये. ज्याची जशी घडण, तसं त्याचं मन बाहेर येतं. आपण फक्त त्याला बाहेर यायला वेळ द्यावा.

नेमका हा वेळच आपण देत नाही. चांगली बातमी आली की आपल्या तोंडून पहिल्या दोन वाक्यांतच एक प्रश्न निघतो, "छान! मग आता पुढे काय?" दहावीचा निकाल लागला की कोणती शाखा घेणार. नोकरी लागली की पोस्टिंग कुठे. लग्न ठरलं की हॉल मिळाला का. बाळाला घरी आणलं की वजन किती भरलं. हे प्रश्न वाईट हेतूनं कोणी विचारत नाही. काळजी करायची सवय लागलेली असते, एवढंच. जुनी काळजी उतरते न उतरते तोच आपण नवी डोक्यावर घेतो. मध्ये जो एक क्षण मोकळा होता, तो निसटतो. आई डोळे पुसून लगेच यादी करायला बसते. बाप बँकेत जायचं म्हणून उठतो. आलेल्या आनंदाला घरात टेकायलाच मिळत नाही.

म्हणून एक छोटी सवय लावून घेऊ या. आनंदाची बातमी आली की 'पुढे काय' हा प्रश्न निदान त्या संध्याकाळपुरता बाजूला ठेवायचा. त्याऐवजी मागे काय काय झालं, ते आठवायचं. "किती फिरलास रे या कागदांसाठी." "तापात पेपर दिलास, आठवतं?" "त्या महिन्यात आपण दूध अर्धा लिटरच घेत होतो." पाच मिनिटं अशी गेली की आनंदाला खरा अर्थ येतो. मुलांना कळतं, की आपल्या यशाला किती हात लागले होते. ज्यांनी गुपचूप सोसलं, त्यांना कळतं, की कोणीतरी ते पाहत होतं. पाहिलं गेलं, एवढ्यानंही माणूस निवतो.

हे फक्त मोठ्या प्रसंगांसाठी नाही. रोजच्या दिवसातही लहान लहान ओझी उतरत असतात. आजारी माणसाचा ताप उतरतो आणि तो स्वतःहून मऊ भात मागतो. बरेच दिवस अबोला धरलेल्या जावेचा फोन येतो. शाळेत पहिल्यांदाच गेलेलं पोर न रडता परत येतं. रात्री उशिरा निघालेला मुलगा "पोचलो" असा मेसेज टाकतो. अशा वेळी घशाशी काहीतरी दाटून येतं. आपण ते गिळतो आणि कामाला लागतो. गिळू नये. क्षणभर थांबावं, एक श्वास घ्यावा, मनातल्या मनात 'बरं झालं' म्हणावं. डोळे ओले झाले तर होऊ द्यावेत. पुसायला दोन मिनिटं पुरतात, आणि त्यामुळे बस चुकत नाही.

दुसऱ्याचे डोळे भरलेले दिसले तरी एवढंच करावं. "अगं, रडतेस काय वेड्यासारखी?" असं हसत हसत म्हणायची आपल्याला सवय आहे. त्याऐवजी जवळ जाऊन बसावं. पाण्याचा पेला पुढे करावा. हात हातात घ्यावा. बोलायलाच हवं असं नाही. बोललोच तर इतकंच, "खूप केलंस तू." आजवर ज्या बाईनं घरासाठी स्वतःचं रडू मागे ठेवलं, तिला हे तीन शब्द ऐकायला मिळणं फार मोलाचं आहे.

पेढे आले की आपण पहिला पेढा देवापुढे ठेवतो, ते योग्यच आहे. दुसरा बहुतेक वेळा यश मिळवणाऱ्याच्या तोंडात जातो. यापुढे तो दुसरा पेढा हातात घेऊन जरा घरभर नजर फिरवा. कोण ओट्याशी उभं आहे, कोण गॅलरीत जाऊन उभं राहिलंय, कोणाचा चष्मा उगाचच पुसला जातोय, ते पाहा. ज्याचे डोळे ओले दिसतील, त्यानं हा दिवस यावा म्हणून तुमच्याइतकीच मेहनत घेतली आहे. तो पेढा आधी त्याला भरवा, आणि मग स्वतः खा.